छोट्या प्राण्यांना भूल द्यायचं आयसोफ्लुरेन मशीन: मलेरियाच्या उंदरांवर वापरल्यानंतरचा रिव्ह्यू

पाचपैकी चार स्टार. पाचवा स्टार सर्व्हिसने खाल्ला, त्यावर खाली बोलतेच. कंपनीचं नाव लिहीत नाहीये, कारण या सेगमेंटमधली मशीनं आतून बऱ्यापैकी सारखीच असतात, आयसोफ्लुरेन या भुलेच्या औषधाची वाफ करणारा व्हेपोरायझर, ऑक्सिजनचा वेग दाखवणारा फ्लोमीटर, उंदीर झोपवायचा ॲक्रिलिकचा डबा, नाकावर लावायचा नोज कोन आणि उरलेली वाफ शोषणारा कोळशाचा डबा, झालं. मला लिहायचंय ते हे की ज्यांच्या उंदरांच्या रक्तात पॅरासाइट आहेत आणि ज्यांचा सगळा पेपर त्या रक्तातल्या आकड्यावर उभा आहे त्यांनी हे घ्यावं का, कारण विक्रेत्याला हे विचारलं तर तो हो हो मॅडम मलेरियाला पण चालतं म्हणतो आणि ब्रोशरमध्ये तर सर्जरी सोडून दुसरं काही नसतंच.

आमच्याकडे प्लाझमोडियम बर्गाय आणि प्लाझमोडियम चबौडी हे मलेरियाचे दोन्ही पॅरासाइट चालतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हे माणसाचे मलेरिया नाहीत, आफ्रिकेतल्या झाडावरच्या उंदरांचे आहेत, बर्गाय १९४८ साली बेल्जियन काँगोतल्या कटंगा भागात सापडला आणि तिथून जगभरच्या लॅबमध्ये पसरला. आधी आम्ही केटामाइन-झायलाझिनवर होतो, म्हणजे भुलेचं पोटात इंजेक्शन, साधारण १०० मिग्रॅ/किलो केटामाइन आणि १० मिग्रॅ/किलो झायलाझिन, पाचेक मिनिटांत उंदीर आडवा. स्वस्त, मशीन नको, सिलिंडर नको. पण केटामाइन आपल्याकडे शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणातल्या औषधांच्या यादीत आहे त्यामुळे कुलूप, रजिस्टर, सही, उरलेल्या प्रत्येक मिलीचा हिशोब, आणि स्टोअरवाले काका रजेवर असले की त्या दिवशीचा प्रयोगच रजेवर.

मशीन घ्यायचं खरं कारण मात्र रजिस्टर नव्हतं. भूल दिलेल्या उंदरांचे आणि न दिलेल्या उंदरांचे पॅरासिटिमियाचे, म्हणजे रक्तात किती पॅरासाइट आहेत त्याचे आकडे जुळत नव्हते, कधी वर कधी खाली, आणि ग्रुप मीटिंगमध्ये दोन पार्ट्या पडल्या, एक म्हणे केटामाइन पॅरासाइट मारतंय, दुसरी म्हणे मोजणाऱ्याचे डोळे मारतायत. मशीन आल्यावर निदान नीट तुलना करायची सोय झाली. आणि वापरून माझं जे मत झालं ते असं की दहा मिनिटांच्या भुलेने पॅरासाइट मरतो वगैरे डोक्यातून काढून टाका, भूल बदलते ते तुमचं रीडिंग, आणि ते बऱ्याच वाटांनी बदलते.

सगळ्यात आधी मोजणी, कारण अर्धं भांडण इथेच संपतं. जिम्सा रंगाने रंगवलेली रक्ताची स्लाइड, मायक्रोस्कोपचं शंभरचं ऑइल लेन्स, हजार तांबड्या पेशी मोजल्या आणि १० इन्फेक्टेड दिसल्या, तर आपण वहीत लिहितो १ टक्का. पण दहाच्या मोजणीत नुसत्या योगायोगाने साधारण ५ ते १८ पर्यंतचा झोल असतो, हे कोणताही स्टॅटिस्टिक्सवाला सांगेल. म्हणजे एका उंदराचं ०.७ आणि दुसऱ्याचं १.३ आलं तर त्यात भुलेचा काहीही हात नसू शकतो. पेशी आपोआप मोजणाऱ्या फ्लो सायटोमीटरवर लाखभर पेशी मोजल्या तर त्याच एक टक्क्यात हजार इन्फेक्टेड पेशी मिळतात आणि चूक तीन टक्क्यांच्या आसपास येते, मग बोला भुलेबद्दल. ज्यांच्याकडे फ्लो नाही त्यांनी निदान पाच-दहा हजार पेशी मोजाव्यात, मान मोडते हे मान्य आहे, पण मशीनवर लाखांत खर्च करायचा आणि मोजायच्या हजार पेशी याला काय अर्थ आहे.

आता दुसरा गोंधळ, आणि हा चांगल्या चांगल्यांचा होतो. पॅरासिटिमिया टक्क्यात सांगताय की एका मायक्रोलिटरमागे किती पॅरासाइट असं सांगताय? भुलेत रक्तवाहिन्या सैल पडतात, प्रेशर उतरतं, रक्त पातळ होतं किंवा पेशी कुठेतरी अडकून बसतात. फेरेटमध्ये आयसोफ्लुरेन दिल्यावर हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा झपाट्याने घसरतो हे माहीत असलेलं आहे, कुत्र्यांमध्ये ॲसेप्रोमाझिन किंवा थायोपेंटाल या गुंगी-भुलेच्या औषधांनी प्लीहा फुगते आणि तांबड्या पेशी तिच्यात जाऊन बसतात हेही व्हेटवाल्यांना पाठ असतं. उंदराच्या प्लीहेत स्नायू कमी, त्यामुळे कुत्र्याचे आकडे उचलून उंदराला लावू नका, पण मुद्दा समजून घ्या. रक्त नुसतं पातळ झालं तर इन्फेक्टेड आणि चांगल्या दोन्ही पेशी सारख्याच प्रमाणात कमी होतात, म्हणजे टक्का तोच राहतो आणि मायक्रोलिटरमागचा आकडा पडतो. टक्का हलायचा असेल तर इन्फेक्टेड पेशींना वेगळी वागणूक मिळायला हवी. मलेरियाच्या उंदरात ती मिळू शकते, कारण प्लीहा सुजून मोठी झालेली असते आणि इन्फेक्टेड पेशी गाळणं हे तिचंच काम, शिवाय बर्गायचे शायझोंट, म्हणजे फुटायला आलेले पॅरासाइट, फुफ्फुसात आणि चरबीत चिकटून बसतात, चबौडीचे पिकलेले पॅरासाइटही बाहेरच्या रक्तातून गायब होतात. रक्ताचा वेग आणि वाट बदलली की या चिकटलेल्या मंडळींचं काय होतं हा खरा प्रश्न आहे, आणि तो नुसत्या शेपटीच्या स्लाइडवरून सुटत नाही.

हो, आणि भूल उतरल्यावर दया येऊन आपण पाठीवर अर्धा मिली सलाइन टोचतो ना, तेही पातळ करतंच. २५ ग्रॅमच्या उंदरात एकूण रक्त असतं दोन मिलीच्या आत, त्यात अर्धा मिली म्हणजे किती ते बघा. सलाइन द्या, जरूर द्या, पण रक्त आधी घ्या.

आता मशीनकडे येऊ. इंडक्शनला, म्हणजे डब्यात झोपवताना, आयसो ३ ते ४ टक्के, उंदीर उलटा केल्यावर सरळ व्हायचा बंद झाला की नोज कोनवर १.५ ते २ टक्के, ऑक्सिजन मिनिटाला अर्धा ते एक लिटर. मिनिट-दोन मिनिटांत झोपतो, बंद केलं की पटकन उठून बसतो आणि मिशा साफ करायला लागतो. डायल फिरवायला छान घट्ट आहे, चुकून हात लागून फिरत नाही, लॉक दाबावा लागतो. फ्लोमीटरचा गोळा सुरुवातीला अडकायचा, टिचकी मारली की सुटायचा, आता सवय झाली.

आजारी उंदरांसाठी हे मशीन म्हणजे खरंच वरदान. सी५७ ब्लॅक ६ जातीच्या उंदरात बर्गायच्या अंका या वाणाने सहाव्या दिवसापासून सेरेब्रल मलेरिया, म्हणजे मेंदूचा मलेरिया सुरू होतो, उंदीर थंड पडलेला, तोल जात असलेला, अशात केटामाइनचा पूर्ण डोस दिला की तो उठेल की नाही याची खात्री नाही, आणि दिलेलं इंजेक्शन परत काढता येत नाही. झायलाझिन उतरवायला अटिपॅमिझोल हे उलट औषध आहे पण केटामाइन तसंच राहतं. आयसोला डायल शून्यावर आणला की विषय संपला. शिवाय केटामाइन मेंदूतले एनएमडीए रिसेप्टर बंद करतं, आणि मेंदूचाच आजार अभ्यासताय तर असलं औषध मधे घुसवायचंच कशाला.

साखरेचा मुद्दाही असाच. झायलाझिनने इन्सुलिन दबतं आणि रक्तातली साखर चढते, हे उंदीर-घुशींमध्ये चांगलंच माहीत आहे. इकडे मलेरिया बळावला की उंदराची साखर पडते. म्हणजे ग्लुकोमीटरवर आकडा नॉर्मल दिसला की आपण खूश, आणि तो नॉर्मल झायलाझिनने आणलेला. पुढची गंमत म्हणजे चबौडी घड्याळ लावून वाढतो, २४ तासांचं चक्र, रात्री उंदीर खायला उठतो त्या वेळेच्या आसपास पेशी फुटतात, आणि खाण्याची वेळ बदलली की पॅरासाइटचं घड्याळही सरकतं. केटामाइन दिलेला उंदीर तासन्‌तास गुंगीत, खात नाही, थंड पडतो. दर दोन दिवसांनी असं करत राहिलात तर त्या घड्याळाशी खेळ होऊ शकतो. आयसोत उंदीर लगेच पेलेट कुरतडायला लागतो, हा मला फार मोठा फायदा वाटतो.

पण वेळेचा हिशोब मशीननेही आपोआप होत नाही. बर्गाय सुरुवातीच्या दिवसांत २४ तासांत साधारण दहापट वाढतो. त्या हिशोबाने पहिल्या उंदराचं रक्त आणि शेवटच्या उंदराचं रक्त यात दोन तास गेले तर शेवटच्यात तेवढ्यानेच सुमारे २० टक्के जास्त पॅरासाइट असणार! आणि आपण करतो काय, आधी सगळे कंट्रोलचे पिंजरे, मग सगळे भुलेचे, आणि मग म्हणतो भुलेने पॅरासिटिमिया वाढला. पिंजरे आलटून पालटून घ्या, बाकी काही नाही. मशीनने इथे मदत होते ती अशी की प्रत्येक उंदराला लागणारा वेळ जवळपास सारखा राहतो, इंजेक्शनमध्ये एक पाच मिनिटांत झोपतो आणि दुसरा पंधरा मिनिटं पिंजऱ्यात दारू प्यायल्यासारखा हिंडत असतो.

थंडी हा मशीनचा दोष नाही पण बॉक्समध्ये हीटिंग पॅड नाही हा कंपनीचा आहे. उंदीर एवढासा जीव, भुलेत दहा-पंधरा मिनिटांत दोन-तीन डिग्री सहज उतरतो, आणि सिलिंडरमधून येणारा कोरडा थंड ऑक्सिजन त्यात भर घालतो. थंड पडला की शेपटीच्या शिरा आकसतात, रक्त ठिपक्याएवढं येतं, मग आपण शेपूट पिळतो, पिळली की रक्तात आजूबाजूचं पाणी मिसळतं आणि पुन्हा तीच पातळपणाची कटकट. पॅड वेगळा घ्या, थर्मोस्टॅटवाला घ्या, भाजायची भीती असते.

इमेजिंगवाल्यांनी हा पॅरा नक्की वाचा. ज्यांच्याकडे ल्युसिफेरेज या प्रकाश देणाऱ्या एन्झाइमचे चमकणारे पॅरासाइट आहेत त्यांना मशीनशिवाय गत्यंतर नाही, जागा उंदीर कॅमेऱ्याखाली बसत नाही. पण काजव्याचं ल्युसिफेरेज आणि भुलेची औषधं यांचं जुनं वैर आहे. १९८४ साली लंडनच्या फ्रँक्स आणि लीब यांनी दाखवलं होतं की भुलेची कितीतरी औषधं या एन्झाइमला थेट अडवतात, त्यांना तर भूल प्रोटीनवर कशी काम करते हेच त्यातून शोधायचं होतं. आपल्यासाठी अर्थ सरळ आहे, पॅरासाइट तेवढेच, चमक कमी. म्हणजे सोमवारी ४ टक्क्यांवर लगेच फोटो काढला आणि बुधवारी २ टक्क्यांवर दहा मिनिटांनी काढला तर त्या दोन आकड्यांची तुलना करू नका, टक्का आणि मिनिटं वहीत लिहा आणि दर वेळी तीच ठेवा. हे मला कुठल्याही मॅन्युअलमध्ये सापडलं नाही, मॅन्युअल तसंही भाषांतर करून बिघडवलेलं आहे.

डासांना रक्त पाजायचं असेल तर मात्र केटामाइनच बरं असं माझं मत आहे. जाळीवर उंदीर आडवा ठेवायचा, खाली ॲनाफिलीस डास, नोज कोनची नळी मधे येते, आयसो जाळीखाली उतरला तर डासच झोपायचे. बर्गायला तर डास १९ ते २१ डिग्रीलाच ठेवावे लागतात, त्या थंड खोलीत सिलिंडर ओढून न्यायचा कोणी.

आता तक्रारी. पहिली, चेंबरचं झाकण, ॲक्रिलिकला आठ महिन्यांच्या आत कोपऱ्यात केसाएवढी चीर गेली आणि गॅस्केट सैल झालं. आयसोचा वास तुम्हाला येतोय म्हणजे हवेत आधीच नको तेवढा झालाय हे लक्षात ठेवा, अमेरिकेत निओश या कामगार-आरोग्याच्या सरकारी संस्थेने अशा गॅसेससाठी २ पीपीएमची मर्यादा सांगितलेली आहे आणि नाकाला तो त्याच्या कितीतरी वर गेल्यावर कळतो. संध्याकाळी डोकं जड होणं म्हणजे कामाचा ताण नव्हे, एकदा लीक टेस्ट करा. दुसरी, नोज कोनचं रबरी भोक एकाच मापाचं, २० ग्रॅमच्या उंदराच्या नाकाभोवती फट राहते, आम्ही ग्लोव्हचा तुकडा ताणून बसवला आणि तो कंपनीच्या रबरापेक्षा बरा चालतोय. तिसरी, कोळशाचा डबा, यावर तारीख नसते, वजन करावं लागतं, नवा असतानाचं वजन मार्करने डब्यावर लिहा आणि ५० ग्रॅमने वाढलं की फेकायचा, हे आम्हाला इंजिनिअरने सांगितलं नाही, डब्याच्या लेबलवर बारीक अक्षरात आहे.

आणि सर्व्हिस. व्हेपोरायझर दरवर्षी कॅलिब्रेट करायचा असतो, नाहीतर डायलवर २ आणि नळीत भलतंच काही. आम्ही फोन केला तर इंजिनिअर दुसऱ्या राज्यात, मग पार्ट नाही, मग पार्ट आला तर इंजिनिअरला ताप, आणि तोवर मशीन कपड्याखाली. ज्या मशीनचा सगळा फायदाच दर वेळी तीच भूल मिळण्यात आहे त्याचं कॅलिब्रेशन वेळेवर होत नसेल तर पैसे कशाला घेता, म्हणून एक स्टार गेला.

कोणीतरी विचारेलच, मशीनशिवाय बरणीत कापसाचा बोळा टाकून आयसो देता येत नाही का. २० डिग्रीला बंद बरणीत आयसोची वाफ ३१-३२ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते, आपल्याला हवेत ३-४. उंदीर झोपेल, पण उठेल का ते सांगता येणार नाही, आणि नैतिक समितीत हे कोणी पास करत नाही, करूही नये. ईथरचं तर नावच काढू नका, श्वासनलिकेची जळजळ आणि वर स्फोटाची भीती.

ट्रिपॅनोसोमा या रक्तातल्या दुसऱ्या पॅरासाइटवर काम करणाऱ्या एका मैत्रिणीने हेच मशीन घेतलंय, तिच्याकडे ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी आहे, गुरांच्या सुरा नावाच्या रोगाचा पॅरासाइट. विदर्भातल्यांना आठवत असेल, चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिवनीच्या एका शेतकऱ्याच्या रक्तात हाच निघाला होता, २००५ मध्ये ती केस छापून आली आणि जगभर चर्चा झाली, त्याच्याही रक्तात पॅरासाइट कमी-जास्त होत होते. तिचा वैताग माझ्यापेक्षा मोठा आहे, कारण ट्रिपॅनोसोमा आपला कोट, म्हणजे बाहेरचं प्रोटीनचं आवरण बदलत राहतात आणि रक्तातला आकडा लाटांसारखा आपणहून वर-खाली होतो, त्यात भुलेचा परिणाम शोधायचा म्हणजे कठीणच. तिने शेवटी प्रत्येक ग्रुपला दोन सावली-ग्रुप जोडले, एक, तीच भूल, तेवढीच मिनिटं, पण इन्फेक्शन नाही आणि दुसरा, इन्फेक्शन आहे पण भूल नाही. उंदीर वाढतात, प्राण्यांवरच्या प्रयोगाच्या परवानगीचा फॉर्म बी पुन्हा भरावा लागतो, पण दुसरा मार्ग मला तरी दिसत नाही.

आता मुद्द्याचं, कोणी घेऊ नये. ज्यांना फक्त रोजचा पॅरासिटिमिया बघायचाय त्यांनी अजिबात घेऊ नये. शेपटीच्या टोकाला छोटीशी टोच, एक थेंब, पातळ स्मिअर, मिथेनॉल, जिम्सा, बस. याला भूल लागत नाही आणि देऊही नका, जी गोष्ट दिलीच नाही तिचा परिणाम वजा करायची वेळ येत नाही. मलेरियावरचं औषध उंदरात तपासायची पीटर्सची चार दिवसांची टेस्ट करणारे असतील तर त्यांना शेवटी चौथ्या दिवशी एक स्मिअरच हवा असतो, त्यासाठी दर उंदराला झोपवणं म्हणजे पैशाचा आणि उंदराचा दोघांचाही छळ. उंदीर शेपटीने उचलण्याऐवजी नळीत घेऊन उचला, तो घाबरत नाही, आमच्या ॲनिमल हाऊसच्या मामांनी हे सगळ्यात आधी आत्मसात केलं, आम्ही शिकलेले लोक नंतर.

घ्यावं कोणी, तर डोळ्यामागून रक्त घेणारे, हृदयातून शेवटचं रक्त घेणारे, इमेजिंगवाले, सेरेब्रल मलेरियावाले. आणि घेतल्यावरही एक ठरवा, सुरुवातीचं रक्त शेपटीचं आणि शेवटचं हृदयाचं असं असेल तर ते एकाच ग्राफवर जोडू नका, पिकलेले पॅरासाइट जिथे चिकटतात तिथलं रक्त आणि शेपटीचं रक्त यात फरक येऊ शकतो, त्याचा दोष आयसोला देऊन मोकळं होऊ नका.

ऑक्सिजनसाठी सिलिंडरऐवजी आम्ही पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर घेतला, कोविडनंतर ते पडून आहेत कुठेकुठे, नव्वद टक्क्यांच्या पुढे ऑक्सिजन देतो आणि एका उंदराला तेवढा भरपूर होतो, फक्त लाइट गेली की सगळं बंद, त्यामुळे छोटा सिलिंडर बाजूला ठेवाच. ऑर्डर देताना दोन मापांचे नोज कोन, जास्तीचं गॅस्केट, दोन कोळशाचे डबे आणि वार्षिक कॅलिब्रेशन तारखेसकट पीओमध्येच, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरमध्येच लिहून घ्या, आणि बाटलीतून व्हेपोरायझर भरायचा फिलर अडॅप्टर विसरू नका, आयसोच्या बाटलीला तो जांभळाच लागतो आणि बॉक्समध्ये तो येत नाही, आमचं नवंकोरं मशीन त्याच्यासाठी टेबलावर नुसतं शोभेला उभं होतं.